खाण : उगम की साठा?

‘खाण’ हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की, त्याच्या अर्थाचा विचार करण्याची गरज कोणास भासत नाही. परंतु शब्दातील एखादी सोयीस्कर संदिग्धता कालांतराने धोरणात आणि जमाखर्चात कशी उतरते, याचे हा शब्द उत्तम उदाहरण होय. डोंगर फोडून मिळणाऱ्या खडीवर ज्यांची शहरे उभी राहिली, त्या पनवेल परिसरातील नागरिकांनी तरी तिकडे दुर्लक्ष करू नये.

‘खन्’ म्हणजे खणणे या संस्कृत धातूपासून ‘खनि’ आणि त्यापासून मराठी ‘खाण’ हा शब्द आला. खनीत उपजते ते ‘खनिज’. ‘खणणे’ आणि ‘उत्खनन’ हेही याच कुळातील शब्द. व्युत्पत्तीने पाहता खाण म्हणजे खणून रिती होणारी जागा. मराठीने मात्र या शब्दास दुसराही अर्थ दिला. अंडज, जारज, स्वेदज आणि उद्भिज्ज या जीवसृष्टीच्या चार खाणी आपल्या संतवाङ्मयात येतात. तेथे खाण म्हणजे उगम. ‘खाण तशी माती’ ही म्हण वंशाविषयी बोलते. विद्वानास आपण ज्ञानाची खाण म्हणतो. संस्कृतातील ‘आकर’ या खाणवाचक शब्दावरून समुद्र ‘रत्नाकर’ झाला. या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट गृहीत आहे : कितीही उपसा, खाण आटत नाही.

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. खाण ही झऱ्यासारखी नव्हे, तर कणगीसारखी असते. काढलेले धान्य पुन्हा भरून येत नाही. आपल्या डोंगरांचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बनलेला आहे. तो फोडून त्याची खडी करण्यास सुरुंग आणि क्रशर यांना काही दिवस पुरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली. विमानतळाची उपयुक्तता कोणी नाकारणार नाही. पण ती टेकडी परत येणार नाही, हेही तितकेच खरे.

कायद्याच्या भाषेने या विस्मरणात भर घातली आहे. १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यात इमारतीचा दगड, खडी, साधी माती व साधी वाळू यांस ‘गौण खनिज’ म्हटले आहे. त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविण्यापुरताच तो भेद होता. परंतु नावातच गौणत्व आल्यावर त्या खाणींचे परिणामही गौण मानले जाऊ लागले. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी हवी, हे सांगण्यासाठी २०१२ साली दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयास पुढे यावे लागले.

तिसरा शब्द ‘स्वामित्वधन’. महाराष्ट्रात दगडावरील स्वामित्वधन ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर आकारले जाते. २०२१ मध्ये त्याचा दर ४०० रुपयांवरून ६०० रुपये झाला. ही रक्कम कोणत्या स्वरूपाची? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वामित्वधन हा कर ठरविला होता. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो निर्णय फिरविला. स्वामित्वधन हा कर नसून खनिज काढण्याच्या हक्काबद्दल पट्टेदाराने मालकास दिलेला मोबदला आहे, असे न्यायालयाने म्हटले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या निर्णयातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जमीन विकून आलेला पैसा शेतकरी सणावारी उडवू लागला, तर गाव त्यास शहाणा म्हणत नाही. कारण ते उत्पन्न नसून मोडलेले भांडवल असते. स्वामित्वधन मात्र राज्याच्या अंदाजपत्रकात करेतर महसूल म्हणून जमेस धरले जाते आणि चालू खर्चात मिसळून जाते. संपणाऱ्या संपत्तीतून मिळणारा अधिलाभ टिकाऊ भांडवलात गुंतवावा, तरच पुढील पिढ्यांचा उपभोग कमी होणार नाही, हा नियम जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीतून १० टक्के रक्कम कायम निधीत टाकण्याचा आदेश दिला, त्यामागेही भावी पिढ्यांच्या हक्काचेच तत्त्व होते. जे लोखंडास लागू, ते पाषाणास का नसावे?

दगडाशिवाय घरे, रस्ते आणि शाळा होणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. खाणी बंद करा, असे येथे म्हणणे नाही. मागणी हिशेबाची आहे. तालुक्यातून वर्षाकाठी किती ब्रास दगड निघाला, त्याचे किती स्वामित्वधन आले आणि त्यातून कोणती टिकाऊ मालमत्ता उभी राहिली, हे सर्वांस वाचता येईल असे प्रसिद्ध व्हावे. काम संपल्यावर उरलेल्या, पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या खड्ड्यांना कुंपण घालणे व ते बुजविणे याचा खर्च आधीच वेगळा काढून ठेवावा. खाणीस उगम मानण्याची हौस भाषेस शोभते. राज्याच्या तिजोरीने मात्र तीस साठाच मानले पाहिजे, आणि साठ्याची नोंद ठेवणे हे कोठारपालाचे पहिले कर्तव्य आहे.