‘झोप लागत नाही’ म्हणून सलाईन: विदर्भातल्या घरांमधलं टेन्शन नेमकं असतं कसं?

विदर्भातल्या गावात दवाखान्यात जाऊन ‘मला मानसिक ताण आहे’ असं सहसा कुणी सांगत नाही. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, हातपाय गळून गेलेत, रात्री दोनला जाग येते ती येतेच, असं सांगतात. डॉक्टर बीपी बघतात, गोळ्या देतात. कधीकधी पेशंटच म्हणतो, सलाईन लावा. अंगात जरा ताकद आली की बरं वाटेल, असा साधा हिशोब.

‘टेन्शन’ हा शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी आहे. पाऊस नाही, टेन्शन आहे. पोरीचं लग्न काढलंय, टेन्शन आहे. म्हणजे तो आजार नाही, ती परिस्थिती आहे. आणि परिस्थितीवर गोळी कोण घेतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या १०,७८६ जणांनी आयुष्य संपवलं. त्यातले ३८ टक्क्यांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. आकडा आला की त्याची बातमी होते. पण त्याआधीचे कित्येक महिने घरात काय चाललेलं असतं?

टेन्शनचंही कॅलेंडर असतं

कापसावर चालणारं घर घ्या. जूनमध्ये बियाणं आणि खत, त्यासाठी कृषी केंद्रात उधारी. पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी, म्हणजे तोच खर्च परत एकदा. मग गुलाबी बोंडअळीची धास्ती. दिवाळीच्या आसपास वेचणीचा जोर असतो, तेव्हा मजुरांचे पैसे रोख लागतात. भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच भरून ठेवला तर पैसा अडकतो आणि निजायलाही जागा उरत नाही. मार्चअखेर बँकेची किंवा सोसायटीची वसुली. ती संपते न संपते तोच लग्नसराई.

घरातला प्रत्येक जण हे आपापल्या पद्धतीनं झेलतो. नवरा उधारीचा खरा आकडा बायकोला सांगत नाही, कारण ‘उगाच तिला टेन्शन’. हळूहळू तो पारावर बसणं बंद करतो, अनोळखी नंबर उचलत नाही. काही जण दारूकडे वळतात. बायकोला सगळं दिसत असतं, पण ती विचारत नाही, कारण विचारलं की भांडण होतं. मग ती बचत गटातून कर्ज काढते, पोत गहाण ठेवते, दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते. मोठी मुलगी कॉलेजचा विषयच काढत नाही. एकमेकांना त्रास नको म्हणून सगळे गप्प, अशी ही रीत. बाहेरून घर समजूतदार दिसतं, पण नवरा किती खचलाय हे मोजायला घरात कुणाकडेच पूर्ण माहिती नसते.

माणूस गेल्यावर हा गप्प ठेवलेला हिशोब बाईपुढे येतो. महाराष्ट्र सरकार अशा कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत देतं, त्यातले ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीच्या रूपात. पण त्याआधी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. जमीन कुटुंबातल्या कुणाच्या तरी नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. हातउसने आणि बिनपरवाना सावकाराचे पैसे कागदावर कुठून दाखवणार? शेतमजुराच्या नावावर तर जमीनच नसते. वरच्या १०,७८६ पैकी ६,०९६ जण शेतमजूर होते.

विचारलं तर लोक सांगतात

गोव्यातल्या एका संस्थेनं अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला होता. पद्धत सरळ होती. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी घरोघरी बोलायचं, गरज वाटली तर समुपदेशकाकडे आणि गंभीर असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’मध्ये छापून आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७ वर गेलं.

ही एकाच ठिकाणची आधी-नंतरची तुलना आहे, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येणार नाही. त्यानं कुणाचं कर्जही फेडलं नाही. तरी एक समज यातून मोडतो. ‘खेड्यातले लोक असल्या गोष्टी बोलतच नाहीत’ हे आपण फार सहज म्हणून जातो. त्यांना कुणी विचारायलाच गेलेलं नसतं, ही शक्यता आपण धरत नाही.

सरकारनंही हाच रस्ता धरला. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. यात आशा सेविकेनं शेतकऱ्याच्या घरी जाऊन झोप, भूक, उदासी याबद्दल विचारायचं आणि ताण जास्त वाटला तर पुढे कळवायचं. २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइनही आहे. १४४१६ हा नंबर मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. फक्त फोन करायचा तर आधी आपल्याला मदत लागतेय हे स्वतःला पटावं लागतं. सलाईन मागणारा माणूस तिथवर पोहोचलेला नसतो. म्हणून हेल्पलाइन असली तरी दारात येणारी आशा लागतेच.

आणि या आशाताईची अवस्था काय? लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, एकामागून एक सर्व्हे, यांच्यामधून वेळ काढून तिनं ‘झोप लागते का?’ हे विचारायचं. ती सरकारी नोंदीत कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. मोबदला वाढवून मिळावा म्हणून राज्यातल्या आशा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपावर गेल्या. आश्वासन मिळालं, पण आदेश निघाला नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये त्यांना पुन्हा संपावर जावं लागलं.