पूर्वेची मोकळी जागा

दिवाळीच्या अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असे संपादकांचे पत्र आले, त्याच सकाळी आमच्या इमारतीच्या पूर्वेला कोणीतरी फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून गेले होते. तेव्हा यंदाच्या फराळात मीठ जरा जास्त झाले असेल, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आम्ही बुलढाण्यास राहतो. विदर्भात असूनही इथली हवा थंड, म्हणून अकोल्या-खामगावची मंडळी आमचा हेवा करतात. हवा आहे खरी, पाणी मात्र मोजून मिळते. येळगाव धरणाचे पाणी नळाला येते, तो दिवस आमच्या घरी सोमवार-मंगळवार नसतो, 'नळाचा दिवस' असतो. त्यामुळे मेहकर तालुक्यातल्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथे सदनिका पाहू लागलो, तेव्हा हिने दोनच प्रश्न विचारले होते. पाण्याचे काय, आणि सकाळचे ऊन कोठून येते? या इमारतीत दोन्हींचे उत्तर पूर्वेकडे होते. तिकडे मोकळी जागा, तीत जुनी बांधीव विहीर आणि विहिरीवर वाकलेला कडुनिंब. बिल्डरच्या रंगीत पत्रकात त्याच जागी हिरवळ दाखविली होती आणि बाकावर एक गोरेपान कुटुंब हसत बसले होते. ते कुटुंब काही राहावयास आले नाही. पण विहीर खरी होती, आणि मे महिन्यातसुद्धा तिने आम्हांला कधी टँकरची वाट पाहावयास लावली नव्हती.

बिल्डर माझा विद्यार्थी. आठवीत असताना निबंधात उताराच उतारा करून मोकळा होई. पण गणितात हुशार. साठेखताच्या दिवशी त्याने आधी माझ्या पाया पडून मग बावीस पानांचा गठ्ठा पुढे ठेवला.

"सर, तुम्ही वाचत बसले तर रजिस्ट्री हापिस बंद होईल!"

मी हसलो आणि बावीस ठिकाणी वळणदार सही केली. प्रश्नपत्रिका दोनदा वाचा, असे तीस वर्षे मुलांना सांगत आलेला मास्तर तो हाच.

फक्की पाहून मी खाली गेलो. स्वारी हजर होती.

"चार गाळे काढतो, सर. रस्त्यावरची जागा हाये, वाया कायले घालवायची? विहीर बुजवतो अन् तुमाले बोअर मारून देतो."

"अरे, तिथे बाग दाखविली होतीस ना?"

"ते चित्र होतं सर!" असे म्हणून त्याने साठेखताचे सतरावे कलम दाखविले. बिल्डरास वेळोवेळी आवश्यक वाटतील ते सर्व बदल करण्यास खरेदीदाराची संमती आहे व राहील. खाली माझी सही. अक्षर खरोखर चांगले होते.

घरी आल्यावर मी हिला सर्व सांगितले. ही काही बोलली नाही. दुपारी मी वामकुक्षीतून उठलो, तो पूर्वेच्या गॅलरीतली तुळशीची कुंडी पश्चिमेच्या गॅलरीत गेलेली. दोघांनी उचलावी इतकी ती जड होती. हिने एकटीने ओढत नेली असावी, फरशीवर माती सांडली होती. भांडण झाले असते तर बरे, असे मला वाटले.

शेजारी तर माझ्याही पुढे गेले होते. आठांपैकी पाच बिऱ्हाडांनी गाळ्यांसाठी वेगळी संमतीपत्रे देऊन टाकली होती, आणि बदल्यात त्या प्रत्येकाला इमारतीखालच्या खांबांमध्ये पिवळ्या पट्ट्यांची, नंबर घातलेली पार्किंगची जागा 'फुकट' मिळाली होती. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी मला समजावू लागले, "मास्तर, गाळ्यानं आपलं काय जाते? भाजी खालीच भेटन!"

इथल्या कोर्टात वकिली करणारी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी आहे. तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "काका, २०१६ च्या रेरा कायद्यात बसत असता तर सोपे होते. त्यात मंजूर आराखडा बदलायला दोनतृतीयांश सदनिकाधारकांची आधी लेखी संमती लागते. तुमच्या इमारतीत सदनिका किती?"

"आठ."

ती हसली. जमीन पाचशे चौरस मीटरांहून अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर त्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. मुंबई-पुण्याच्या मनोऱ्यांना ही सूट नगण्य वाटेल. पण तालुक्याच्या गावी इमारतीच एवढ्या असतात. आमचा विद्यार्थी गणितात हुशार होता, हे मी वर सांगितलेच आहे.

पण तिने कपाटातून दुसरे पुस्तक काढले. महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा, सन १९६३. मुंबईत घरांची टंचाई आणि बिल्डरांच्या लबाड्या बोकाळल्या, तेव्हा केलेला. मी समजत होतो की तो केव्हाच अडगळीत गेला. परंतु रेरा आला तरी हा रद्द झालेला नाही. त्याचे सातवे कलम सांगते की नकाशे दाखवून सदनिका विकल्यावर, घेणाऱ्यांच्या संमतीवाचून इमारतीत बदल वा भर घालता येत नाही. १९८६ साली त्याला मुरड घातली गेली. मंजूर आराखड्यात असलेली आणखी बांधकामे बिल्डरला करता येतात. मात्र ती घेणाऱ्यापुढे आधी उघड केलेली हवीत.

"आणि सतरावे कलम?" मी खाली मान घालून विचारले.

तेव्हा तिने सांगितलेले ऐकून मला घरापर्यंत चालत जावेसे वाटले. विक्रीच्या वेळीच घेऊन ठेवलेली सरसकट संमती ही संमतीच नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटले आहे. कोणते बांधकाम, कोठे, केवढे, हे समोर ठेवून त्या ठरावीक कामापुरती मागितलेली संमती तेवढी खरी. म्हणजे माझ्या बावीस सह्यांतली निदान एक तरी मला परत मिळण्याजोगी होती.

मग नगरपरिषदेत माहितीच्या अधिकाराचा अर्ज दिला. दहा रुपयांचे तिकीट आणि महिनाभर कळ. मूळ मंजूर नकाशाची प्रत हाती आली. तीत पूर्वेला एक वाटोळे वर्तुळ आणि बारीक अक्षरांत 'विहीर'. गाळे नव्हते. चार गाळ्यांचा सुधारित नकाशा मंजुरीसाठी नुकताच दाखल झाला होता, आणि त्याला जोडली होती ती पाच संमतीपत्रे. मी मुख्याधिकाऱ्यांना हरकतीचा अर्ज दिला, पोच घेतली आणि पोच दोनदा वाचली.

गणपतीत आरतीनंतर सगळी बिऱ्हाडे खाली जमली, तेव्हा मी दहिसरची गोष्ट सांगितली. तिथल्या पांचाली सोसायटीत ५६ सदनिका आणि इमारतीखाली खांबांमध्ये २५ गाड्यांची जागा. त्या जागा आपल्या, आपण त्या वाटेल त्याला विकू, असे बिल्डरचे म्हणणे. सोसायटी भांडली. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खांबांमधली जागा म्हणजे वेगळे विकता येणारे गॅरेज नव्हे. ती इमारतीच्या सामाईक सोयींपैकी आहे, आणि बिल्डरला ती विकता येत नाही.

तलाठीबुवा हातातला मोदक तसाच धरून थोडा वेळ गप्प बसले.

"म्हंजे, त्यानं आपलंच आपल्याले देल्लं?"

"आणि वर आपली सही घेतली."

चौघांनी संमती परत घेतल्याची पत्रे दिली. पाचव्याने दिले नाही. त्याची मुलगी बिल्डरच्याच कचेरीत नोकरीला आहे, तेव्हा आम्हीही त्याला दुसऱ्यांदा विचारले नाही. जमीन अद्याप बिल्डरच्याच नावावर असल्याने ती सोसायटीच्या नावे करून घेण्याचे कागद आता वकीलबाई जमवीत आहेत. सुधारित नकाशा नगरपरिषदेत पडून आहे. पायासाठी खणलेले दोन खड्डे पावसाने भरले, आणि पोरांनी त्यांत होड्या सोडल्या.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थी घरी आला. पाया पडला. "सर, नाराज हात?" असे विचारून त्याने पिशवीतून कागद काढले. चाराऐवजी दोनच गाळे, विहीर तशीच राहील, आणि पुन्हा सगळ्यांची संमती.

"किती पाने आहेत?"

"तीनच सर. इथं सही केली की झालं."

"बस. चहा घे," असे म्हणून मी चष्मा पुसला. हिने चिवड्याची बशी त्याच्यापुढे ठेवली आणि ती दाराशीच उभी राहिली. दुसऱ्या पानावरच्या नकाशात विहीर होती. कडुनिंब नव्हता. मी तिला टेबलावरची पेन्सिल द्यावयास सांगितली.

तुळस अजून पश्चिमेलाच आहे.