उंट बांधायचा कोणी?

परीक्षा जवळ आली की आमच्या मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर दहावी-बारावीच्या मुलांसाठी खास दुआ होते. सगळे मनापासून आमीन म्हणतात. मीही म्हणतो. तीस वर्षे उर्दू माध्यमाच्या मुलांना गणित शिकवले असल्याने ही दुआ माझ्यासाठी नुसता रिवाज नाही. पण अलीकडे आमीन म्हणताना मनात एक प्रश्न येतो. इथे हात उचललेल्या दोन-तीनशे माणसांपैकी आज रात्री दहानंतर मोहल्ल्यात शांतता राहील याची काळजी घेणारे किती जण आहेत?

एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते की, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवायचा की मोकळा सोडून? त्याला आधी उंट बांधायला सांगण्यात आले, भरवसा त्यानंतर. ही हदीस आपण मुलांना नेहमी ऐकवतो आणि तिचा अर्थ ‘आधी अभ्यास कर, मग दुआ माग’ एवढाच लावतो. माझे म्हणणे असे आहे की परीक्षेच्या या उंटाला तीन दोर आहेत. एक मुलाच्या हातात आहे, दुसरा घराच्या आणि तिसरा मोहल्ल्याच्या. मुलाने आपला दोर कितीही घट्ट बांधला आणि बाकीचे दोन सुटे राहिले, तर उंट जायचा तो जातोच.

हे आत्ता लिहिण्याचे कारण रमजान आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. २०२४ मध्ये दहावीची परीक्षा चालू असताना तो सुरू झाला, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी आणि २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल. म्हणजे परीक्षा नेहमीच्या दिवसांत झाल्या तर बारावीचे बहुतेक पेपर रोज्यातच येणार. तारखा बदलाव्यात अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. ती करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण मंडळाचे वेळापत्रक आपल्या हातात नाही, आपली रात्र मात्र आपल्या हातात आहे.

त्या रात्रीचा हिशेब मांडून पाहा. तरावीह आटोपून मुलगा साडेदहाला घरी येतो. मार्चच्या सुरुवातीला राज्यात जागेनुसार सव्वापाच ते पावणेसहाच्या दरम्यान सहरी संपते. त्यासाठी साडेचारला उठायचे, म्हणजे अकराला डोळा लागला तरी झोप साडेपाच तासांचीच होते. अशी पंधरा-वीस दिवसांची अर्धी झोप घेऊन मूल परीक्षेच्या बाकावर बसते आणि पाठ असलेले सूत्र त्याला ऐनवेळी आठवत नाही. मग आपण म्हणतो, पोराचे नशीब!

सकाळच्या सत्राचा पेपर अकराला असतो आणि केंद्रावर साडेदहाला पोहोचायचे असते. त्यामुळे फज्रनंतर दोन तास झोपायला पुरेसा वेळ मिळतो. ती झोप घ्याच. पेपरच्या दिवसांत तरावीह घरी, लहान सूरांनी अदा करण्याबद्दल आपल्या इमामांना आधीच विचारून ठेवा. रोज्याबद्दलही तसेच. निरोगी मुले पिढ्यान्‌पिढ्या रोजा ठेवून पेपर देत आली आहेत. पण जो आजारी आहे त्याला दुसऱ्या दिवसांत रोजा भरून काढण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. मधुमेह किंवा दुसरा काही आजार असेल तर आधी डॉक्टरांना आणि मग आलिमांना विचारा. शेजारपाजाऱ्यांनी मात्र कोणत्याही मुलाच्या रोज्याची चौकशी करू नये.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या हातातल्या दोराविषयी. दरवर्षी निकालानंतर एखादी हुशार मुलगी येऊन म्हणते, “सर, सगळं येत होतं, पण लिहायला वेळच पुरला नाही.” ती खरेच बोलत असते. आपली मुले वाचतात खूप, पाठ करतात खूप, पण घड्याळ लावून लिहीत नाहीत. दहावीचे गणित भाग एक आणि दोन, विज्ञान भाग एक आणि दोन हे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा, तिथे एका गुणाला सव्वादोन मिनिटेच मिळतात. दोन गुणांच्या प्रश्नावर पंधरा मिनिटे घालवली, तर पुढच्या चार गुणांचा वेळ तुम्ही स्वतःच्या हाताने खर्च केला. त्यामुळे जुन्या प्रश्नपत्रिका जमवा. शाबानमध्ये एखादा नफिल रोजा ठेवत असाल तर त्या दिवशी अकरा वाजता बसा आणि दोनपर्यंत पूर्ण कृतिपत्रिका लिहून काढा. रोज्यात हात कुठे मंदावतो आणि लक्ष कधी उडते, ते परीक्षेआधीच कळेल.

बहुतेकांना रोज्याचा थकवा शेवटच्या अर्ध्या तासात जाणवतो. म्हणून जास्त विचाराचे प्रश्न आधी सोडवा, सोपे आणि आकृत्यांचे काम शेवटी ठेवा. क्रम बदलला तरी प्रश्नाचा आणि उपप्रश्नाचा क्रमांक मात्र अचूक लिहा. गणितात उत्तर चुकले तरी बरोबर पायऱ्यांना गुण मिळतात, त्यामुळे जेवढे येते तेवढे लिहा, जागा कोरी सोडू नका. २०२३ पासून मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून देते. ती नवा प्रश्न सुरू करण्यात घालवू नका. बैठक क्रमांक, उपप्रश्नांचे क्रमांक, जोडलेल्या पुरवण्या तपासा. या तपासणीत हरवलेले चार-पाच गुण परत मिळालेले मी अनेकदा पाहिले आहेत.

दोन वाजून दहा मिनिटांनी पेपर सुटल्यावरही जुहरची वेळ शिल्लक असते, तेव्हा नमाजच्या काळजीने उत्तरपत्रिका लवकर देऊ नका. शुक्रवारी पेपर असेल तर जवळपासच्या एखाद्या मशिदीत उशिराची जमात होईल का, हे विश्वस्तांनी आधीच ठरवून मुलांना कळवावे. दुपारचे सत्र सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत चालते. नागपूर-गोंदियाकडे सूर्य मुंबईपेक्षा पंचवीस-तीस मिनिटे आधी मावळतो, त्यामुळे तिकडच्या मुलांना इफ्तारला घर गाठता येईलच असे नाही. दप्तरात खजूर आणि पाण्याची बाटली असू द्या.

बारावीनंतरच्या परीक्षांचे नियम वेगळे आहेत आणि ते माहीत नसल्यामुळे आपली मुले मार खातात. ‘नीट’मध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो, म्हणून तिथे अंदाजपंचे उत्तर देणे महागात पडते. ‘एमएचटी-सीईटी’त चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून तिथे एकही प्रश्न सोडायचा नसतो. मी शिकवलेल्या मुलांनी सीईटीत वीस-वीस प्रश्न कोरे सोडले आहेत, भीतीपोटी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर २०१८ पासून ‘नीट’ उर्दूतूनही देता येते, पण भाषा अर्ज भरतानाच निवडावी लागते. ज्या मुली हिजाब घालून परीक्षेला जातात, त्यांनी प्रवेशपत्रावरच्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात आणि तपासणीसाठी केंद्रावर बऱ्याच आधी पोहोचावे. वाद घालायची वेळ आलीच तर तो पेपर संपल्यावर घालता येतो.

आता घराचा दोर. मुलगी पेपर देऊन अडीच-तीनला घरी येते आणि चार वाजता इफ्तारीच्या तयारीला स्वयंपाकघरात उभी राहते. त्याच घरात तिचा भाऊ पेपरच्या थकव्याने झोपलेला असतो. दोघांनीही रोजा ठेवलेला असतो आणि दोघांचाही पेपर परवाच असतो. अम्मी-अब्बांनो, हा इन्साफ आहे का? त्या तीन आठवड्यांत दस्तरखानावर पाच पदार्थांऐवजी दोन आले तर काही बिघडणार नाही. पाहुणे आणि इफ्तारच्या दावती शेवटच्या पेपरनंतर ठेवा. आणि नापास झालीस तर लग्न करून टाकू, ही धमकी या दिवसांत तरी तोंडातून काढू नका. त्या धमकीने अभ्यास वाढलेला मी पाहिलेला नाही. मुलगी खचलेली मात्र पाहिली आहे.

तिसरा दोर मोहल्ल्याचा आहे, आणि सर्वांत सुटा हाच असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात. दुसऱ्यांच्या मिरवणुका निघाल्या की हा नियम आपल्याला तोंडपाठ असतो. आपल्या गल्लीत रात्री बाराला कार्यक्रम चालू असला की आपण तो विसरतो. आज प्रत्येक घरात मोबाइलचा गजर आहे, मग पहाटे साडेतीनपासून भोंग्यावर सहरीची पुकार कशासाठी? रमजानच्या रात्री चौकात दोन वाजेपर्यंत चालणारा धिंगाणा, गल्लीतल्या क्रिकेटच्या स्पर्धा आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली यांचा इबादतीशी काय संबंध? ही टीका बाहेरच्या कोणी केली की आपल्याला राग येतो. म्हणून ती आतूनच व्हायला हवी.

शांततेइतकीच जागाही हवी. माझे निम्मे विद्यार्थी अशा खोलीत राहतात जिथे सहा-सात माणसे झोपतात आणि दिवा कधी लावायचा हे सर्वांत थकलेला माणूस ठरवतो. त्याच गल्लीत मशिदीचा वरचा मजला आणि मदरशाच्या खोल्या दिवसाचा बराच वेळ रिकाम्या असतात. मुंबईत हाजींसाठी बांधलेल्या हज हाऊसमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतली गेली आहे. मग आपल्या मशिदीच्या मजल्यावर दहावीची अभ्यासिका का होऊ नये? पंखा, दिवे, पिण्याचे पाणी, मुलींसाठी वेगळी खोली आणि लक्ष ठेवायला एक निवृत्त शिक्षक, एवढेच लागते. एका मोठ्या इफ्तार पार्टीच्या खर्चात हे सहज बसते.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या फेकणाऱ्यांत आपलेही लोक असतात. रोजा ठेवून कॉपी करणे म्हणजे पाण्याचा घोट टाळायचा आणि फसवणूक मात्र गिळायची. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध राज्यात १९८२ पासून कायदा आहे. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट ही की, कॉपीने पास झालेले मूल पुढच्याच प्रवेश परीक्षेत उघडे पडते. त्याला आपण मदत केली नाही, त्याचा दोर कापला.

हे सारे एवढे तळमळीने सांगतो, कारण आपल्यापुढचे आधार कमी होत आहेत. २०१४ मध्ये राज्यात मुस्लिमांसाठी काढलेला पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश, उच्च न्यायालयाने शिक्षणापुरती मुभा देऊनही, कायदा न बनता संपला. २०२२ मध्ये मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली. याविरुद्धची लढाई चालूच राहिली पाहिजे. पण ती लढणारे वकील, अधिकारी आणि पत्रकार याच बाकांवरून उठून येणार आहेत.

आणि यंदा अपयश आलेच तर? पुरवणी परीक्षा असते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म आहे. लग्न होऊन दोन मुलांची आई झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने तो भरून दहावी पूर्ण केली. यवतमाळच्या रिक्षाचालकाची मुलगी अदिबा अनम २०२५ मध्ये यूपीएससीत देशात १४२ वी आली, तेव्हा तिच्या मागे अपयशी प्रयत्नही होते.

येत्या जुम्याला पुन्हा दुआ होईल आणि मी पुन्हा आमीन म्हणेन. त्यानंतर इमामसाहेबांनी आणखी दोन वाक्ये बोलावीत एवढीच माझी विनंती आहे. आज रात्रीपासून दहानंतर मोहल्ल्यात भोंगा वाजणार नाही. आणि उद्या असरनंतर वरच्या मजल्यावरची अभ्यासिका उघडी असेल, मुलांनी पुस्तके आणि घड्याळ घेऊन यावे. मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याचा हक्क आपल्याला पोहोचेल.