लोक काय म्हणतील?

‘लोक काय म्हणतील?’ या तीन शब्दांनी जितकी चांगली कामे अडवून धरली आहेत, तितकी दारिद्र्यानेही अडविली नसतील. वर्गात एखादी गोष्ट समजत नाही. ती पुन्हा विचारावीशी वाटते. पण सोबती हसतील म्हणून हात वर जात नाही. मोठ्यांची गतही निराळी नसते. आपली पंगत भाऊबंदांच्या पंगतीहून हलकी दिसू नये, म्हणून कित्येक शेतकऱ्यांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठविले. गंमत अशी, की ज्यांच्या निंदेला ते भ्याले, तेही याच धास्तीने कर्ज काढीत होते!

हे भय झुगारून देणारा एक पुरुष वऱ्हाडातच होऊन गेला. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली परीट कुळात जन्मलेले डेबूजी, म्हणजेच पुढचे गाडगेमहाराज. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूजीला घेऊन अकोला जिल्ह्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. मूल जन्मले, की बारशाला मटण आणि दारू द्यावयाची, अशी त्यांच्या जातीत तेव्हा रीत होती. डेबूजींना कन्या झाली, तेव्हा त्यांनी ही रीत मोडली आणि पाहुण्यांना गोडाचे जेवण वाढले. भाऊबंदांना ते रुचले नाही. पण डेबूजी बधले नाहीत. दारूने घराचे काय होते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर, हाती खराटा. जातील ते गाव झाडून काढीत. या वेषाचेच आपण फार कौतुक करतो. मला मात्र ती बारशाची पंगत अधिक अवघड वाटते. अनोळखी गावाने वेडा म्हटले, तर उद्या दुसरे गाव गाठता येते; आप्तांच्या रोषातून कोठे जावयाचे?

मग लोकांचे मत तुच्छ मानावे काय? मुळीच नाही. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत व उत्तरे त्यांच्याच तोंडून काढीत. लोकांनी दिलेल्या पैशांतूनच त्यांनी पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या. त्यांना लोक हवे होते. लोकांची वाहवा नको होती. कोणाला ते आपल्या पाया पडू देत नसत, यातले मर्म हेच. शिक्षकांनी ‘अक्षर सुधार’ म्हटले, तर ते बोचले तरी ऐकावे. त्याच अक्षराची कोणी टिंगल केली, तर तिच्यात घेण्यासारखे काय असते?

‘ते तर संत होते, आमचे काय?’ असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. पण बारशाच्या त्या दिवशी डेबूजी संत नव्हते. दापुऱ्याच्या शेतात राबणारे ते एक तरुण गृहस्थ होते, आणि रुसलेल्या त्याच माणसांत त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा वावरावयाचे होते.