मत्स्यव्यवसायाला कृषी दर्जा मिळाला, पण धरणावरच्या पोराचे नाव कागदावर कधी येणार?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कृषी दराने वीज, शेतीप्रमाणे कर्ज, विमा, सौर पंपासाठी मदत असे लाभ मच्छीमार आणि मत्स्यसंवर्धकांना मिळावेत, हा त्यामागचा हेतू. बातमी आली तेव्हा चर्चा झाली ती पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाची. नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे आपल्याकडे ती वाचून बाजूला ठेवली गेली. पण गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, वैतरणा, करंजवण, वाघाड, चणकापूर, हरणबारी, गिरणा ही नावे एकदा डोळ्यांपुढे आणा. त्यात निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर, येवला, बागलाणमधली शेततळी मिळवा. पाणी आपल्याकडे भरपूर अडवलेले आहे. त्या पाण्यावर काम करायला पंचविशीतली पोरे किती आहेत, हा खरा प्रश्न आहे.

आधी किनाऱ्यावर काय झाले ते पाहू, कारण तिथे हा प्रश्न आपल्या आधी आला. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक नौकांवर आज खलाशी नेपाळचे असतात. गुजरातच्या वेरावळ, ओखा, पोरबंदरच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातले आदिवासी तरुण जातात. सागरी हद्दीजवळ पकडले गेले तर पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढावी लागतात, हेही त्यांना ठाऊक असते. मच्छीमार कुटुंबातली मुले मात्र शिकून नोकरी शोधतात. याला आळस म्हणणे सोपे आहे. पण हिशेब त्या मुलाच्या बाजूने करून बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, डिझेल महाग, मासळी कमी, आणि बोट दुसऱ्याची. हाती मालकी नाही, फक्त मेहनत आहे. मेहनत विकायचीच तर ती तो जमिनीवर विकतो.

धरणावर तर हे आणखी स्पष्ट दिसते. तलावाचा मासेमारी ठेका साधारणपणे पाच वर्षांसाठी सहकारी संस्थेला मिळतो. कागदावर संस्था मच्छीमारांची असते. पण ठेक्याची रक्कम, बीज, जाळी यांचा पैसा अनेक ठिकाणी व्यापारी घालतो. मग मासळी त्यालाच द्यायची, भाव तोच ठरवणार, आणि पहाटे ट्यूब किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे उचलणाऱ्याला किलोमागे मजुरी मिळणार. संस्थेची सभासद यादी मागवून वाचा. वडील, कधी आजोबा, कधी हयात नसलेली माणसेही त्यात सापडतात. रोज पाण्यात उतरणाऱ्या मुलाचे नाव नसते.

नाव नसल्याचा तोटा फक्त मानाचा नाही. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, आणि हप्ता पूर्णपणे सरकार भरते. तराफा उलटून कुणी गेले, तर मच्छीमार म्हणून नोंद नसलेल्या कुटुंबाला त्यातले काही मिळत नाही. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायालाही लागू आहे, पण बँक आधी विचारते की पाण्यावर तुमचा हक्क कोणता. कृषी दर्जाचेही तेच होईल. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. मच्छीमाराकडे ठेका असतो, आणि तो संस्थेच्या नावावर.

बारीक जाळे कोण टाकतो?

शाश्वत मासेमारीवरच्या प्रशिक्षणात आपण सांगतो की जाळ्याचा डोळा मोठा ठेवा, अर्धा किलोच्या आतला कटला-रोहू सोडून द्या, चढणीचे मासे मारू नका. ऐकणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी बारीक डोळ्याचेच जाळे टाकतो. त्याला कळत नाही म्हणून नव्हे. किलोमागे मजुरी घेणाऱ्याने आज सोडलेला पाव किलोचा मासा सहा महिन्यांनी मोठा होऊन ठेकेदाराच्याच खात्यात जाणार असेल, तर तो का सोडेल? ठेक्याच्या शेवटच्या वर्षी तर संस्थाही तळ खरवडून काढते, कारण पुढचा ठेका कुणाला जाईल याचा भरवसा नसतो.

चढणीच्या माशांचेही तसेच. पहिल्या पुराला इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे ओढ्यांत मासे चढतात आणि गाव उतरते. ती मौज आहे, घरचे कालवणही आहे, त्यावर बंदीचा फलक लावून काही होणार नाही. पण कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना वाहते पुराचे पाणी लागते. अंड्यांनी भरलेली मादी ओढ्याच्या तोंडावरच मारली, तर धरणातला साठा पूर्णपणे विकतच्या बोटुकलीवर चालवावा लागतो. ज्या पोरांचा धरणाच्या उत्पन्नात वाटा आहे, ती पोरे ओढ्याचे तोंड दोन आठवडे राखतात. ज्यांचा नाही, ती तिथेच जाळे लावतात. माझ्या मते तरुण टिकणे आणि मासा टिकणे या दोन वेगळ्या योजना नाहीत.

हे फक्त म्हणण्यापुरते नाही. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरच्या डिंभे धरणाने महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबे उठली. ‘शाश्वत’ या संस्थेच्या मदतीने त्यांनी मच्छीमार सहकारी संस्था काढली, जलाशयात बीज वाढवायला शिकले. त्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. उलटा धडा मध्य प्रदेशातल्या तवा धरणाचा आहे. विस्थापित आदिवासींच्या तवा मत्स्य संघाला १९९६ मध्ये जलाशयाचा ठेका मिळाला. दहा वर्षे बीज सोडणे, माल गोळा करणे, विकणे सगळे त्यांनी केले. २००६ नंतर व्याघ्र क्षेत्राचे कारण देऊन ठेका पुढे वाढवला गेला नाही. चांगले काम करूनही पाणी हातातून जाऊ शकते, हे पोरांना दिसते आणि ती शहाणपणाने दुसरीकडे वळतात.

आपल्याच जिल्ह्यात वाघाडचे उदाहरण आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने दिंडोरी तालुक्यात पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि २००३ मध्ये पूर्ण प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थेकडे आले. शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी मिळू लागले, ते पाण्याचा कोटा लेखी ठरला म्हणून. सिंचनाच्या पाण्याला जे जमले ते त्याच धरणातल्या मासळीला जमायला हवे. पाणीवापर संस्था आणि मच्छीमार संस्था एका बैठकीला बसतात असे मात्र क्वचितच दिसते. आवर्तन कधी सुटणार हे मच्छीमाराला आधी कळले, तर पातळी घटण्यापूर्वी तो माल काढू शकतो. एवढी साधी गोष्ट आहे.

शेततळ्यातला वाटा

धरणाचा ठेका मिळणे तुमच्या हातात नसेल. शेततळे आहे. द्राक्ष-डाळिंबासाठी अस्तर टाकलेल्या तळ्यात मासे वाढवणे आता नवे राहिलेले नाही, पण बहुतेक जण एकदा करून सोडतात. कारण बागेचे वेळापत्रक आणि माशाचे वेळापत्रक जुळवलेले नसते. बीज जुलै ते सप्टेंबरमध्ये मिळते. तुमची खरड छाटणी एप्रिलमध्ये, आणि त्यानंतर पाणी झपाट्याने खाली जाते. म्हणजे मासा मार्चअखेर तळ्याबाहेर हवा. हातात सात-आठ महिनेच असतात. म्हणून जिरे किंवा बारीक बीज टाकून उपयोग नाही, ८ ते १० सेंमीची बोटुकलीच घ्या.

३० बाय ३० मीटरचे तळे धरा. ७०० बोटुकली सोडल्या, त्यातल्या ७० टक्के जगल्या आणि सरासरी ६०० ग्रॅमच्या झाल्या, तर २९० किलोच्या आसपास मासळी निघेल. प्लॅस्टिकच्या तळ्यात तळाची माती नसल्याने नैसर्गिक खाद्य कमी तयार होते. किलोमागे दीड किलो खाद्य धरले तर साडेचार क्विंटलच्या जवळपास खाद्य लागेल. यात तुमच्या बाजाराचा भाव घालून पाहा. बागायतदाराला हा जोडधंदा आहे, पण एका तरुणाचा संसार एका तळ्यावर चालणार नाही.

तोच तरुण गावातली दहा तळी सांभाळत असेल तर गणित बदलते. तीन टनांजवळ माल, आणि तोही एकदम न काढता डिसेंबरपासून मार्चपर्यंत आठवड्याच्या बाजाराला थोडा थोडा जिवंत विकता येतो. पाणी शेतकऱ्याचे, बीज-खाद्य-राखण तरुणाचे, उत्पन्नाचा वाटा आधी ठरलेला. हा करार तोंडी नको. किती पाणी राखून ठेवायचे, उपसा कधी, मासे मेले तर तोटा कुणाचा, हे स्टॅम्प पेपरवर लिहा. मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. मात्र प्रस्तावाला जागेचा हक्क दाखवावा लागतो, तिथे हाच कागद आधी दाखवून विचारा.

बागेशेजारच्या तळ्याला एक धोका आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. बोर्डो मिश्रणातले तांबे माशाला मारते. फवारणीचा पंप तळ्याच्या पाण्यात धुणे, ब्लोअरचा झोत तळ्याकडे येणे, यात एका सकाळी सगळा माल तरंगतो आणि मग भागीदारीही तुटते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागले तर प्राणवायू कमी पडला आहे असे समजा आणि पंपाने तेच पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात सोडा. अस्तराच्या उतारावरून पाय घसरला की वर येता येत नाही, म्हणून दोन बाजूंना गाठी मारलेले दोर कायम बांधलेले ठेवा.

झटपट वाढतो म्हणून थाई मागूरचे बीज कुणी देऊ केले तर घेऊ नका. त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि पुरात तो नदीत गेला तर तिथले मासे खाऊन टाकतो.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. शिरगाव, नागपूर आणि उदगीरच्या मत्स्य महाविद्यालयांतून पदवीधर बाहेर पडतात, पण धरणकाठच्या पोराला पदवी नको, दहा दिवसांचे हातात जाळे देऊन शिकवणे हवे. ते पाण्याजवळच व्हावे, सभागृहात नको. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल प्लॅटफॉर्मवरची नोंदणी आणि विम्याचा अर्ज तिथेच भरून घ्या. प्रमाणपत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. तुमच्या धरणावरच्या संस्थेची सभा लागली की सभासद यादी, ठेक्याचा करारनामा आणि गेल्या वर्षी सोडलेल्या बीजाची पावती वाचून दाखवायला सांगा. १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि प्रत्यक्ष मासेमारी करणाऱ्या मुलामुलींचे सभासदत्वाचे अर्ज भरून आधीच सोबत न्या, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेऊनच घरी या.