रूममेट नव्हे, जोडीदार!

परवा रात्री टोरोंटोहून भाचीचा फोन. ‘‘मावशी, एक पत्र देशील? आम्ही दोघं एकत्र राहतो हे तुला ठाऊक आहे, एवढंच लिहायचंय.’’

तो कॅनडाचा नागरिक. लग्न केलेलं नाही. तिथल्या कायद्यानुसार बिनलग्नाच्या जोडीदारालाही स्पॉन्सर करता येतं. अट अशी की, किमान १२ महिने सलग, नवरा-बायकोसारखं एकत्र राहिलेलं असलं पाहिजे. आणि ते कागदावर दिसलं पाहिजे. भाडेकरारावर दोघांची नावं, जॉइंट खातं, विजेचं बिल, विमा, लायसन्सवरचा पत्ता.

हिच्याकडे यातलं काय? जवळजवळ काहीच नाही! १४ महिने एका घरात राहून करार त्याच्या एकट्याच्या नावावर, बँकेची पत्रं मैत्रिणीच्या पत्त्यावर. कारण आमची ताई. ‘पुण्यात कुणाला कळलं तर?’ या धास्तीपायी पोरीनं आपलेच पुरावे आपल्या हातानं पुसले. ताई नातेवाइकांना सांगायची, ‘‘रूममेट आहे.’’ आणि फॉर्ममध्ये नेमकं विचारलंय, घरच्यांना हे नातं माहीत आहे का!

मला लिव्ह-इनचं फार कौतुक आहे असं नाही. (खरं सांगते, अक्षता नि पंगत मला अजून आवडते.) पण लग्नाचा दाखला असला तरी तिथले अधिकारी नातं खरं आहे का, ते तपासतातच. मग दाखलाच नाही तिनं लपूनछपून राहायचं, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. आपल्याकडेही २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण दिलंय. पण तिथंही प्रश्न येतोच, एकत्र राहत होता कशावरून? तेव्हा मुलींनो, घरच्यांना सांगा न सांगा, करारावर आपलं नाव आधी घाला.

आणि ताईसारख्या आयांना काय म्हणू? स्पॉन्सर करणारा तीन वर्षं तिच्या खर्चाची हमी लिहून देतो. मधेच नातं तुटलं तरी त्यातून सुटका नाही. तो एवढं लिहून द्यायला तयार, आणि आपण त्याचं नावसुद्धा घेत नाही!

मी पत्र लिहिलं. ताईला वाचून दाखवलं, तर फोनवर नुसती शांतता. दोन दिवसांनी तिचाच फोन आला.

‘‘अगं, मीही लिहितेय. त्याच्या आडनावाचं स्पेलिंग काय?’’