प्रमाणपत्रानंतरचा हिशेब

प्रशिक्षण संस्थेला अनुदान मिळते. तिथून बाहेर पडलेल्या तरुणाचे पुढे काय झाले, हे सांगण्याचे बंधनही तिच्यावर आणि सरकारवर हवे.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळातील पहिल्या तीन टप्प्यांची तपासणी केली आणि तिचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील सुमारे ९५.९ लाख नोंदींपैकी ९४.५३ टक्के नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा होता, किंवा त्यात शून्य वा ‘लागू नाही’ असे काहीतरी भरले होते. उरलेल्या नोंदींत कुणाचा खाते क्रमांक म्हणजे सलग अकरा वेळा ‘एक’ हा आकडा, कुणाचा १२३४५६ पासून पुढे, तर कुठे क्रमांकाच्या जागी चक्क नाव वा पत्ता. एकच खाते अनेकांच्या नावे आणि एकच छायाचित्र अनेक प्रशिक्षणार्थींच्या नोंदीला, असेही आढळले. तपासलेल्या आठ राज्यांत महाराष्ट्रही होता.

हे खाते क्रमांक उगाच मागितलेले नव्हते. प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येकाच्या खात्यात पाचशे रुपये थेट जमा व्हायचे होते. खाते क्रमांकच नसेल तर पैसे जाणार कुठे? लाखो उमेदवारांपर्यंत ही लहानशी रक्कमही पोहोचली नाही. सलग अकरा वेळा ‘एक’ असलेला क्रमांक खोटा आहे, हे ओळखायला लेखापरीक्षक लागत नाही. तरीही ती नोंद पोर्टलवर स्वीकारली गेली, बॅच पूर्ण झाली आणि प्रमाणपत्र निघाले. कारण संस्थेचा हप्ता त्या रकान्यावर अवलंबून नव्हता. अनुदान ज्या माहितीवर सुटते ती माहिती नीट भरली जाते. बाकीची कशीही भरली तरी चालते. रोजगार प्रशिक्षणावरील सरकारी खर्चाचे सारे दुखणे या एका गोष्टीत आहे.

खर्च थोडाथोडका नाही. या तीन टप्प्यांसाठी सुमारे १४,४५० कोटी रुपयांची तरतूद होती. एक कोटी ३२ लाख तरुणांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट होते आणि सुमारे एक कोटी दहा लाखांना प्रमाणपत्रे मिळाली. कागदावर ही कामगिरी चांगलीच म्हणावी लागेल. पण अल्पकालीन प्रशिक्षण आणि विशेष प्रकल्प या घटकांत प्रमाणपत्र मिळालेल्या सुमारे ५६ लाखांपैकी नोकरी लागल्याची नोंद ४१ टक्क्यांचीच आहे. ‘पूर्वकौशल्याची मान्यता’ या घटकात तर आधीपासून काम करणाऱ्या गवंडी, सुतार, शिलाई कामगारांना थोडक्या तासांच्या ओळखवर्गानंतर दाखला दिला जातो. त्या दाखल्याने त्यांची मजुरी वाढली की नाही, हे मोजण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

असे का झाले, याचे उत्तर उद्दिष्टांच्या आकारात आणि हप्त्यांच्या रचनेत आहे. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे ठरवले; २०१५ च्या धोरणाने तो आकडा सुमारे ४० कोटींवर आणला. एवढ्या मोठ्या आकड्याचा पाठलाग सुरू झाला की मंत्रालयापासून तालुक्याच्या केंद्रापर्यंत प्रत्येक जण ‘टार्गेट’चीच भाषा बोलू लागतो. शारदा प्रसाद समितीने २०१७ मधील अहवालात या अवास्तव उद्दिष्टांवर आणि क्षेत्रीय कौशल्य परिषदांमधील हितसंबंधांच्या गुंत्यावर स्पष्ट बोट ठेवले होते. हप्त्यांचेही तसेच. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात संस्थेला ३० टक्के रक्कम वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्रे निघाल्यावर आणि २० टक्के नोकरी लावल्यावर मिळत असे. शंभरातले ऐंशी रुपये प्रमाणपत्रापर्यंतच हाती पडत असतील आणि उरलेल्या विसांसाठी महिनोन्‌महिने पाठपुरावा, कंपन्यांच्या खेपा, पगाराचे कागद गोळा करणे हे सारे करावे लागणार असेल, तर बरेच केंद्रचालक ते वीस सोडून पुढची बॅच भरतील. हा व्यवहाराचा साधा हिशेब आहे. त्यात प्रामाणिक संस्थाही भरडली जाते, कारण मुलांच्या मागे वर्षभर लागणाऱ्या तिच्या कष्टाची नोंद कुठेच होत नाही.

आता हेच प्रशिक्षणार्थीच्या बाजूने पाहू. तालुक्याच्या गावातली बारावी झालेली मुलगी तीन महिने केंद्रात जाते, बायोमेट्रिक यंत्रावर बोट टेकवते, असेसमेंट देते, उत्तीर्ण होते. समारोपाच्या दिवशी तिच्या हाती चाकणच्या किंवा रांजणगावच्या कारखान्याचे ऑफर लेटर पडते. पगार दहा-बारा हजार. त्यातून खोलीचे भाडे, खानावळ, कंपनीपर्यंतचे जाणे-येणे आणि महिन्याला गावाकडची एक फेरी वजा केली की घरी पाठवायला हाती फारसे उरत नाही. रात्रपाळी लागली की घरचे परत बोलावतात. दोन महिन्यांत ती गावी परतते. पोर्टलवर मात्र ती ‘नोकरी लागली’ या रकान्यात कायमची बसलेली असते. संस्थेने खोटे काही लिहिलेले नाही, ऑफर लेटर खरे होते. तरीही सरकारला त्या नोंदीवरून जे समजते ते खरे नाही. नोकरी लागली त्या दिवसाचा फोटो आणि नोकरी टिकली याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या अहवालांना बहुतांशी पहिलीच पुरते.

कौशल्य मंत्रालयाने आता सुधारणा केल्याचे सांगितले आहे. चौथ्या टप्प्यात आधारशी जोडलेली ओळखपडताळणी, चेहऱ्यावरून हजेरी, क्यूआर कोड असलेली प्रमाणपत्रे आली आहेत. ती स्वागतार्ह आहेत. बनावट बॅच भरणे त्यामुळे नक्कीच अवघड होईल. पण ही सारी साधने वर्गात कोण बसले एवढेच सांगतात. आणि याच टप्प्यात सरकारने एक पाऊल मागे घेतले आहे. पहिल्या तीन टप्प्यांत अल्पकालीन प्रशिक्षणानंतरच्या नोकऱ्यांचा माग ठेवला जात होता. चौथ्या टप्प्यात उमेदवारांना आपापला मार्ग निवडण्यासाठी सक्षम करण्यावर भर असल्याचे उत्तर संसदेत दिले जाते. तरुणाने नोकरी करावी, धंदा करावा की पुढे शिकावे, हे त्यानेच ठरवावे, हे मान्य. पण त्याने काय निवडले आणि त्यातून त्याचे भले झाले का, हे विचारणे सोडून देण्याचे ते कारण होऊ शकत नाही. ४१ टक्के हा आकडा कमी वाटतो म्हणून तो मोजणेच थांबवले, तर पुढच्या लेखापरीक्षणात तोही सापडणार नाही.

महाराष्ट्राला या विषयात बाजूला उभे राहता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचे एकाच वेळी उद्घाटन झाले. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर झाली. बारावी झालेल्यांना दरमहा सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकांना आठ हजार, पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने, नंतर वाढवून अकरा. किती उमेदवार रुजू झाले आणि किती विद्यावेतन वाटले, हे सांगता येते. मुदत संपल्यावर त्याच आस्थापनेने किती जणांना कामावर ठेवले? बाकीचे कुठे गेले? शाळेत, ग्रामपंचायतीत वा सरकारी कार्यालयात अकरा महिने काम केलेल्या तरुणांनी ‘आम्हाला कायम करा’ म्हणून आंदोलने केली, तेव्हा खरे तर ही उत्तरे सरकारच्या टेबलावर तयार असायला हवी होती. अनुभव देणारी योजना म्हणून तिची आखणी झाली होती. त्या अनुभवाला बाजारात किती किंमत आली, हे तपासल्याशिवाय ती चालवणे म्हणजे तरुणांच्या उमेदीचे वर्ष गृहीत धरणे आहे.

मोजमाप सुरू केले की सगळे सुधारते, असेही नाही. अमेरिकेने या वाटेवर चार दशके घालवली आहेत आणि तिचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. तिथे १९८२ च्या रोजगार प्रशिक्षण कायद्याने संस्थांची कामगिरी नोकरीच्या प्रमाणावर मोजायला सुरुवात केली. तेव्हा ज्यांना नोकरी तशीही लागली असती अशांनाच प्रवेश देण्याचा मोह संस्थांना झाला. सर्वांत गरजू माणूस दाराबाहेर राहू लागला. आकडा चांगला दिसेल अशा वेळी उमेदवाराचे नाव अधिकृतपणे कमी करायचे, ही युक्तीही निघाली. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रशिक्षणानंतर लगेच मोजलेले यश आणि त्या प्रशिक्षणाने खरोखर घडवलेला फरक यांचा संबंध फारच क्षीण आहे.

यातून तिथे हळूहळू नियम बदलले. २०१४ च्या कायद्यानुसार आता माणूस कार्यक्रमातून बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत कामावर आहे का, दुसऱ्या तिमाहीत अशांची मध्यक कमाई किती, त्याने मान्यताप्राप्त दाखला मिळवला का, असे निकष लावले जातात. माहितीचा मुख्य आधार म्हणजे बेरोजगारी विम्यासाठी मालक दर तिमाहीला सादर करतात त्या वेतननोंदी; प्रशिक्षण संस्थेच्या शब्दावर सारे सोडलेले नाही. शिवाय ज्या भागात बेरोजगारी जास्त वा उमेदवार अधिक अडचणीतले, तिथल्या अपेक्षा सांख्यिकी पद्धतीने जुळवून घेतल्या जातात.

आपल्याकडे हे करण्याची साधने नाहीत, असे म्हणता येणार नाही. भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे प्रत्येक सदस्याचा सार्वत्रिक खाते क्रमांक आहे. प्रशिक्षणार्थीची संमती घेऊन, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या चौकटीत राहून, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात त्याच्या खात्यात वर्गणी जमा होते आहे का, हे पाहता येईल. हा पडताळा पुरेसा नाही, हेही खरे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो, आणि आपल्या तरुणांची मोठी संख्या त्याहून लहान दुकानांत, गॅरेजांत, शिलाईच्या खोल्यांत काम करते किंवा स्वतःचा व्यवसाय चालवते. त्यांच्यासाठी संस्थेशी संबंध नसलेल्या यंत्रणेने फोनवरून आणि प्रत्यक्ष भेटीतून नमुना पाहणी करावी. रोजगार हमी योजनेत ग्रामसभेपुढे सामाजिक अंकेक्षण करण्याची कायदेशीर तरतूद आहे; कौशल्य केंद्रांनाही तीच शिस्त लावता येईल. गावातली कोणती मुले केंद्रात गेली आणि आज काय करतात, हे गावाइतके कुणालाच ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट पैशांची. ग्रामीण तरुणांसाठीच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत किमान तीन महिने सलग नोकरी आणि पगाराचा पुरावा मागण्याची पद्धत आहे. तिचा विस्तार करून अनुदानाचा मोठा हिस्सा सहा आणि बारा महिन्यांच्या टिकाऊ कमाईशी जोडावा. मात्र गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव या आकांक्षित जिल्ह्यांतल्या केंद्राला आणि पुणे-ठाण्यातल्या केंद्राला एकच पट्टी लावली, तर अमेरिकेतील जुनी चूक आपण नव्याने करू. शाळा सुटलेली मुले, विवाहित स्त्रिया, दिव्यांग, आदिवासी तरुण यांना घेणाऱ्या संस्थेला अधिक दर आणि वास्तव अपेक्षा असल्या पाहिजेत. पाठपुराव्याचा खर्चही अनुदानातच धरावा. लहान संस्थेने तो पदरमोड करून करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

तिसरी गोष्ट उघडेपणाची. प्रत्येक केंद्राचा आणि प्रत्येक अभ्यासक्रमाचा निकाल मराठीत, केंद्राच्या दारावरच्या फलकावर आणि संकेतस्थळावर लागला पाहिजे: किती आले, किती पूर्ण झाले, वर्षानंतर किती जण कमावतात आणि किती रुपये. दहावीचा निकाल शाळानिहाय कळतो. मग तीन महिने देऊन, घरची मजुरी बुडवून येणाऱ्या तरुणाला कोणत्या केंद्रात जावे हे अंदाजाने का ठरवावे लागावे?

‘बाजारात नोकऱ्याच नाहीत, त्याचे खापर आमच्यावर का?’ असे संस्था विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तुलना त्याच जिल्ह्यातल्या, तशाच उमेदवारांच्या केंद्रांशी हवी. आणि एखाद्या जिल्ह्यात कोणत्याच केंद्राच्या शिलाई अभ्यासक्रमातून कुणाची कमाई वाढत नसेल, तर तो दोष संस्थेचा नसून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांचा आहे. तेही याच अहवालांतून उघड होईल. आर्थिक पाहणी २०२३-२४ नुसार १५ ते २९ वयोगटातील जेमतेम ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यावसायिक प्रशिक्षण घेतले आहे. म्हणजे प्रशिक्षण वाढवायलाच हवे. पण वाढवायचे तर काय उपयोगी ठरले हे आधी कळायला हवे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘स्किल इंडिया’ कार्यक्रम २०२६ पर्यंत चालू ठेवण्यास ८,८०० कोटी रुपयांसह मंजुरी दिली. त्यापुढच्या टप्प्याच्या मार्गदर्शक सूचनांत नोकरी व कमाईचा वर्षभराचा माग पुन्हा बंधनकारक करणे, तो स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवणे आणि केंद्रनिहाय जाहीर करणे, या तीन अटी केंद्राने घातल्याच पाहिजेत. महाराष्ट्राने तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या ५११ ग्रामीण केंद्रांचा आणि युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या प्रत्येक तुकडीचा असा अहवाल राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावा आणि या योजनांची पुढची तरतूद त्यावर चर्चा झाल्यावरच मंजूर व्हावी.